घोडपाठीचा उतार

आमच्या घरात एखादी गोष्ट रंगवून सांगायची असली की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, आणि तीच गोष्ट खरी की खोटी हे ठरवायची वेळ आली की माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ही कीर्ती मी कमावलेली नाही. ती मला सासरहून मिळाली. माझे सासरे तात्या मयेकर रत्नागिरीत मांडवीला राहायचे. बोलण्यात ते जहाज असतील तर मी त्यांच्या मागे दोरीला बांधलेली होडी. पण या होडीत बसून मी जे पाहिलं ते आज सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या घरात तरी कोणी ठेवत नाही.

तात्या बोटीवर आगवाला होते. म्हणजे आगबोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा मारायचा. ऐन उमेदीची सारी वर्षं ते आगीपुढे उभे राहिले. डावी भुवई एकदा जळाली ती पुन्हा उगवलीच नाही, त्यामुळे गंभीर बोलत असले तरी ते अर्ध्या तोंडानं थट्टा करतात असं वाटे. ठेंगणे, छाती पिंपासारखी, पाय किंचित बाहेर फाकलेले. आणि एवढा भट्टीत भाजून निघालेला माणूस थंडीला असा काही भ्यायचा, की वैशाखातसुद्धा संध्याकाळी मांडवीवर वारा सुटला की गळ्याला मफलर. कोणी हसलं तर म्हणत, "हसा. तुम्ही बर्फ बघितलेला नाय."

बर्फ त्यांनी बघितला होता. आणि हीच सगळ्या रामायणाची सुरुवात.

मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. तात्यांची बोट इटलीच्या एका बंदरात बॉयलरच्या दुरुस्तीसाठी अडकली. भर थंडीचे दिवस. गोदीत एक फिटर होता, त्याला तात्या जुवान म्हणत. त्याचं खरं नाव काय होतं देव जाणे. या जुवानला तात्यांच्या हातची माशाची आमटी आवडली आणि तात्यांना जुवानच्या गळ्यातला मफलर आवडला, अशी दोस्ती झाली. सुट्टीत जुवान त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. गाव डोंगरात. आगगाडी जवळजवळ पायथ्याशी नेऊन सोडते, आणि मागे एक लांबलचक धार, तिच्या टोकाला शिखर. गुडघाभर बर्फ. लोक पायांना लांब फळ्या बांधतात, त्या फळ्यांवरून चालत डोंगर चढतात, आणि माथ्यावर पोचले की त्याच फळ्यांवरून घसरत खाली येतात. तात्या घाबरून म्हणाले, आपल्याला जमणार नाही. जुवान म्हणाला, "सोपा डोंगर आहे. आमच्या म्हाताऱ्या चढतात."

हे वाक्य तात्यांनी जे उचललं ते जन्मभर खाली ठेवलं नाही. विहिरीचा रहाट अडकला, सोपा आहे. माडावर चढायला माणूस मिळेना, सोपा आहे, म्हाताऱ्या चढतात. माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी ओटीवर येरझाऱ्या घालत होतो, तेव्हाही आतून बाहेर येऊन ते म्हणाले, "जावईबापू, बसा. सोपं आहे." आतून सासूबाईंचा आवाज आला, "मग तुम्हीच या आत."

निघताना जुवाननं त्यांना आपल्या जुन्या फळ्या भेट दिल्या. माणसाहून उंच, पुढची टोकं नागाच्या फण्यासारखी वर वळलेली. त्या फळ्या निम्मी दुनिया फिरून मांडवीला आल्या. धक्क्यावर जकातीच्या शिपायानं विचारलं, हे काय, वल्ही? तात्या म्हणाले, "वल्हीच, पण डोंगरात चालवायची." तिथून जे हसणं सुरू झालं ते दहा वर्षं थांबलं नाही.

तात्या गोष्ट सांगत ती पडवीत. धार चढताना श्वास कसा जपायचा, फळी उचलायची नाही, नुसती पुढे ढकलायची, वारा उजवीकडून आला तर टोपी डावीकडे कशी ओढायची, सगळं बारीकसारीक. चढणं सांगता सांगता अर्धा तास जाई. मग माथा येई. मग तात्या उभे राहत, गुडघे वाकवत, दोन्ही हात पसरत, आणि "अन् मंग सुटलो. सूंऽऽ" एवढं म्हणून गोष्ट संपे. त्याच वेळी नेमक्या सासूबाई हातात कळशी घेऊन पडवीतून आत जायच्या असत. त्या न थांबता म्हणत, "सरका बाजूला. इटली आली वाटेत."

कोणी म्हटलं, तात्या, एकदा आम्हाला दाखवा की, तर उत्तर ठरलेलं. "बर्फ आणा, दाखवतो." रत्नागिरीत बर्फ म्हणजे मुंबईच्या बोटीतून भुशात गुंडाळून येणार तो, आणि तोही मासळीसाठी. तेव्हा फळ्या पडवीत दोन खुंट्यांवर आडव्या राहिल्या आणि सासूबाईंनी त्या कामाला लावल्या. उन्हाळ्यात त्यांवर कोकमं वाळत, पावसाळ्यात लुगडी. माझ्या लग्नात त्यांवर पत्रावळी रचल्या होत्या.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी मांडवीला गेलो. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो आणि आजही अंगानं जसा आहे तसाच होतो, फक्त लोक तेव्हा त्याला 'बाळसेदार' म्हणत. सकाळी फराळ, दुपारी जेवण, जावयाचा मान म्हणून सासूबाईंनी पानात नारळीपाकाचे लाडू चढवले ते मी मान राखण्यासाठी सगळे खाल्ले. हात धुतो न धुतो तोच तात्या दारात. "चला जावईबापू, जरा डोंगरावर जाऊन येऊ. सोपा आहे." मी नवं धोतर आणि नवे पंपशू घालून निघालो. शीड उलट्या वाऱ्यात काय करतं ते माझ्या धोतरानं त्या चढावर करून दाखवलं. तात्या पुढे, एका संथ चालीत, बोलणं बंद. डोंगर चढताना ते कधीच बोलत नसत. म्हणत, "वाफ शिट्टीत घालवली तर इंजिनाला काय उरंल?" मी मात्र सगळी वाफ 'तात्या, किती राहिलं' यातच घालवत होतो. माथ्यावर पोचल्यावर मी जांभ्या दगडावर आडवा झालो. तात्यांनी मफलर सोडला, समुद्राकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मला पायांवरच्या फोडांचा क्षणभर विसर पडला. "बघा," ते म्हणाले, "खाली असताना माणसाला वाटतं आपलं घर केवढं मोठं." एवढंच. उतरताना मी एक पंपशू हरवला. तो अजून सापडलेला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझी मेहुणी शेवंती, तात्यांची धाकटी, लग्नाची झाली. मिरजोळ्याच्या बाबाजी पाटलांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा वसंत, मुंबईला छापखान्यात. घरची शेती, चार बैल, आंब्याची कलमं. मुलगा बघायला आला तेव्हा शेवंतीनं पोह्यांची बशी त्याच्या हातात न देता चुकून बाबाजींच्या हातात दिली आणि वसंताला हसू आवरेना, तेव्हाच मी इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं की हे जमलं. जमलंही असतं. पण पोहे खाता खाता बाबाजींचं लक्ष पडवीतल्या फळ्यांकडे गेलं.

"ह्या कसल्या हो?"

सासूबाईंनी डोळे मिटले. तात्या उठले. अर्धा तास चढण झाली, माथा आला, गुडघे वाकले, सूंऽऽ झालं. बाबाजी पाटील बशी खाली ठेवून शांतपणे ऐकत होते. उंच, वाळका माणूस, डोक्याला पागोटं, ओठांवर हसण्याची रेघसुद्धा नाही. जाताना म्हणाले, "कळवतो."

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत, घर पसंत, पण मुलीचा बाप थापाड्या आहे. जो माणूस पाहुण्यांपुढे एवढी मोठी लोणकढी मारतो, तो मुलीच्या बाबतीत काय काय लपवत असेल?

त्या दिवशी मयेकरांच्या घरात चूल पेटली, पण कोणी जेवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या कपाळी मेली फळकुटं मारलीत तुम्ही." शेवंती कोकमं निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तात्या, मला दुसरं स्थळ बघू नका. मी आपली या फळ्यांवर पापड वाळवीत बसेन जन्मभर." आवाज थट्टेचा होता. पण तिची बोटं एकाच कोकमाला कितीतरी वेळ चोळत होती, ते तात्यांनी पाहिलं.

रदबदली करायला मला मिरजोळ्याला पाठवलं. आमच्या घराण्यात अवघड काम नेहमी सर्वांत जड माणसाला देतात. मी बाबाजींपुढे जमेल तेवढं बोललो. ते म्हणाले, "तुमी भला माणूस दिसता, पण जावई त्यांचेच. म्हणा त्यांना, करून दाखवा."

"पण बर्फ..."

"बर्फ कशाला? आमची घोडपाठ हाय की. दिवाळी झाली की तिच्यावरचं करडाचं गवत असं वाळतंय, वाऱ्यानं असं निजतंय, की बैल उभा राहत नाय. मागल्या साली माझा तरणा पाडा चरताना माथ्यावरनं निसटला तो खालच्या मळ्यात जाऊन थांबला. करड कापायला आठवडा हाय. त्याच्या आत या म्हणावं. खरा निघाला तर मुहूर्त काढू. नाय निघाला तर रामराम."

घोडपाठ म्हणजे मिरजोळ्याच्या पलीकडची डोंगराची धार. वर झाड नाही, झुडूप नाही, बसलेल्या घोड्याच्या पाठीसारखी लांब, दोन्ही बाजूंना उतरती. बैलगाडी पायथ्यापर्यंत जाते. मी परत येऊन निरोप सांगितला तेव्हा वाटलं, तात्या उसळतील. ते नुसते म्हणाले, "करड म्हणतात?" आणि उठून फळ्या खुंटीवरून काढल्या. दहा वर्षांनी पहिल्यांदा.

त्या आठवड्यात मांडवीला दुसरा विषय नव्हता. तात्यांनी जाहीर केलं की चढायचंसुद्धा फळ्यांवरूनच. मी म्हटलं, "अहो, पैज फक्त उतरण्याची आहे." म्हणाले, "नाय. जुवानच्या गावाला डोंगर पायांनी चढत नाहीत." पण चढताना फळी मागे घसरू नये म्हणून तिकडे तिच्या खाली एका केसाळ दर्याई जनावराचं कातडं बांधतात. केस मागे वळलेले, फळी पुढे सरकते, मागे येत नाही. ते जनावर आमच्या समुद्रात कुठून आणायचं? तात्या दोन दिवस धक्क्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कोळणीकडून दोन मोठ्या मुशी, खरखरीत कातडीचे ते लांब मासे, घेऊन आले. मुशीचं कातडं ज्यानं चोळलंय त्याला ठाऊक आहे. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, शेपटीकडून डोक्याकडे फिरवला तर बोटं सोलून निघतात. आमचे सुतार त्यानं लाकूड घासतात. तात्यांनी कातडी सोलली, ताणून वाळवली, फळ्यांखाली डोकं पुढे आणि शेपूट मागे अशी काथ्यानं आवळली. टेकायला कळकाच्या दोन काठ्या, त्यांच्या टोकाला भोक पाडून अडकवलेल्या करवंट्या. आणि उतरताना फळीला चोळायला कोकमाचं तेल. ते आमच्याकडे थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात, मुठीत वळलेला घट्ट गोळा असतो. सासूबाईंचे वर्षाचे गोळे गेले. "लग्न जमलं तर टाचा फुटल्या तरी चालतील," त्या म्हणाल्या.

घरात वास असा सुटला की शेजारची मांजरं मुक्कामाला आली. ठरल्या दिवशी बैलगाडीत मी, तात्या, फळ्या, आणि मागे सासूबाई, इंदू, शेवंती. सासूबाईंनी हाड मोडलं तर बांधायला फडकी आणि हळदीचा लेप बरोबर घेतला होता. मिरजोळ्यापर्यंत एक मांजर गाडीच्या मागे चालत आलं.

पायथ्याशी जत्रा. निम्मं मिरजोळं, शिवाय मांडवीचे चालत आलेले. वसंत मुंबईहून रजा काढून आला होता आणि शेवंतीकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होता की सगळ्यांना दिसत होतं. तात्यांनी बोटीवरची जुनी निळी विजार चढवली होती. पट्टे आवळले, काठ्या घेतल्या, आणि एक फळी पुढे ढकलली. मग दुसरी. लोक हसायला लागले. मग तिसरं पाऊल, चौथं, आणि उभा चढ लागला. ज्या निसरड्या करडावर पोरंटोरं चार पायांवर चढत होती, तिथे तात्या ताठ उभे, सर्र सर्र करत वर चालले होते. मुशी धरत होती. एक पाऊलही मागे येत नव्हतं. हसणं हळूहळू विरलं. कोणीतरी म्हणालं, "आयला, चढतंय की."

मी बाजूनं चढत होतो, म्हणजे गवताच्या मुठी धरून स्वतःला वर ओढत होतो. वर निळं आकाश, खाली पिवळंधमक करड वाऱ्यानं लाटेसारखं हलतंय, आणि मधून हा ठेंगणा माणूस, मफलर उडतोय, एका चालीत. पडवीतली अर्धा तासाची चढण माझ्यासमोर शब्दन् शब्द खरी होत होती. मी ओरडलो, "तात्या, शाबास." ते बोलले नाहीत. वाफ जपत होते.

माथ्यावर आम्ही दोघंच आधी पोचलो. बाबाजी आणि गावकरी गुरांच्या वाटेनं वळसा घेऊन येत होते. वर राखणदाराचा, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाचा, शेंदूर फासलेला दगड आहे, त्याच्याजवळ तात्या बसले. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ. काथ्या सोडून त्यांनी मुशीची कातडी काढली, गुंडाळी केली. कोकमाचा गोळा हातात घेतला. आणि तसेच बसून राहिले.

"चोळा की, तात्या."

त्यांनी उताराकडे पाहिलं. खाली शेवंतीचं हिरवं लुगडं तेवढं ओळखू येत होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी घसरलो नव्हतो."

मला वाटलं, दमलेत.

"जुवानच्या डोंगरावर. चढलो. माथा गाठला. मंग खाली बघितलं. जुवान सूंऽऽ करून गेला, त्याच्या मागनं एक म्हातारी गेली. मी फळ्या सोडल्या, खांद्यावर घेतल्या आणि रडत रडत पायांनी उतरलो. घरी आल्यावर सांगायला लागलो तर चढणं सांगून झालं, सगळे तोंडाकडे बघतायत, मंग काय? तोंडातनं निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं."

तेव्हा मला कळलं की चढण अर्धा तास आणि उतार एक 'सूंऽऽ' एवढाच का असे. चढ त्यांनी पाहिलेला होता. मी म्हटलं, "तात्या, पायात गोळा आला म्हणून सांगू. मी सांगतो. मला खोटं चांगलं जमतं."

"नको. दहा वर्षं झाली तेवढं पुरे झालं." त्यांनी गोळा फळीवर टेकला आणि चोळायला लागले. "पोर खाली बसलीय. ती म्हातारी जाऊ शकते तर..." पुढचं वाक्य त्यांना आठवेना. मी म्हटलं, "सोपा डोंगर आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती जळकी भुवई असती तर वर गेली असती.

इतक्यात बाबाजी आले, मागे सगळा लवाजमा. आमच्याकडे कुठलंही काम राखणदाराला सांगितल्याशिवाय होत नाही. नारळ ठेवला, आणि बाबाजींनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "हे बा देवा म्हाराजा, हा मांडवीचा माणूस आज तुझ्या पाठीवरनं फळकुटांवर उभा राहून खाली जाणार म्हणतोय, त्याला सुखरूप ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"खरा असंल तर त्याचं खरं कर. आणि खोटा असंल तर त्याचं खोटं इथंच उघडं पाड रे म्हाराजा."

सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्यानं तात्यांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मग त्यांनी मफलर सोडून माझ्या गळ्यात टाकला, गुडघे वाकवले, अगदी पडवीत वाकवत तसे, आणि काठ्यांनी जमीन मागे लोटली.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. फळ्या करडावर नुसत्या कुरकुरल्या. मग वारा आला, करड खाली निजलं, आणि तात्या सुटले. मी आयुष्यात घोडा पाहिलाय, मोटार पाहिलीय, वादळातली होडी पाहिलीय. पण एक माणूस, ना घोडा ना शीड, नुसता उभा आणि जमीनच त्याच्या पायांखालून पळतेय असं मी तेव्हाच पाहिलं. निळी विजार फडफडली. एक काठी गेली. करवंटी उडाली. मधल्या उंचवट्याशी ते दिसेनासे झाले. मग खूप खाली, अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली, ते पुन्हा दिसले, अजून उभे, दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडातून आवाज येत होता. सूंऽऽ नव्हतं ते. भीती आणि आनंद एकाच वेळी तोंडातून बाहेर पडायला लागले की होतो तसला काहीतरी आवाज होता. थांबायचं कसं हे त्यांना जुवाननं शिकवलंच नव्हतं, कारण शिकायची वेळच आली नव्हती. ते थेट पायथ्याच्या गवताच्या गंजीत शिरले. गंजी हलली. बाहेर फक्त फळ्यांची दोन वळलेली टोकं.

शेवंती धावली. सासूबाई हळदीचा लेप घेऊन धावल्या. मग गंजीतून एक हात वर आला, मूठ वळलेली. आणि घोडपाठीवर असा गलका झाला की मिरजोळ्याची कुत्री संध्याकाळपर्यंत भुंकत होती. मी माथ्यावर नाचत होतो. माझ्या वजनाचा माणूस नाचतो ते दृश्य कसं असतं, याबद्दल इंदूनं खालून पाहून जे मत दिलं ते इथे देत नाही.

बाबाजी पाटील मात्र नाचले नाहीत. बराच वेळ त्या उताराकडे बघत उभे राहिले. करडात दोन सरळ रेघा उमटल्या होत्या, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. मग त्यांनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ती फळकुटं वर आणवा."

"पाटील, मुहूर्ताचं..."

"मुहूर्त कुठं पळतोय? फळकुटं आणवा."

आणली. बाबाजी उभे राहिले, दहा-बारा हात उभे गेले, मग बसले, मग आडवे झाले, आणि उरलेला डोंगर पाठीवरून उतरले. एक फळी त्यांच्या पुढे गेली, दुसरी मागून आली. खाली पोचले तेव्हा धोतर नुसतं नावाला राहिलं होतं, आणि माणूस हसत होता. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. सगळे दात होते. गंजीशेजारी तात्या बसले होते, दोघंही करडानं भरलेले. बाबाजी म्हणाले, "व्याही, मार्गशीर्षात काढू."

शेवंतीचं लग्न झालं. आणि त्यानंतर मिरजोळ्याला जो पाहुणा येई त्याला बाबाजी घोडपाठीची गोष्ट सांगत. पहिल्या वर्षी ते निम्मा डोंगर उभ्यानं उतरले होते. दुसऱ्या वर्षी सगळा. चौथ्या वर्षी मी ऐकली तेव्हा ते वाटेत एकदा थांबून तात्यांना हात देऊन पुढे गेले होते. आणि तात्या? तात्यांनी त्या दिवसापासून पडवीतली गोष्ट सांगणं सोडून दिलं. कोणी फारच आग्रह केला तर म्हणत, "डोंगर तिथंच हाय. सोपा आहे. जाऊन बघा." दर दिवाळीनंतर, करड कापायच्या आधी, ते फळ्या घेऊन घोडपाठीवर जात, मुशी बांधून चढत आणि घसरून खाली येत. वसंत रजेवर असला तर बरोबर असे. पुढे पुढे शेवंतीही जायला लागली. ते सगळं मी पायथ्याशी गाडीत बसून पाहिलं. कोणीतरी बैल धरायला हवाच.

शेवटचं त्यांना नीट पाहिलं ते पुन्हा लढाईच्या बातम्या यायला लागल्या त्या सुमाराला, दिवाळीत, मिरजोळ्याला. तात्या थकले होते. गुडघे गेले होते. शेवंतीच्या ओटीवर बाबाजी, मी, शेवंतीच्या दोन मुली, आणि आता तिथल्याच खुंटीवर राहणाऱ्या त्या फळ्या. मोठीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही बर्फावरनं पहिल्यांदा घसरलात तेव्हा भीती वाटली?"

तात्यांनी तिला मांडीवर घेतलं. "घसरलोच नाय गो मी. भ्यालो. रडलो. फळ्या खांद्यावर घेऊन चालत खाली आलो."

मग बाबाजी पाटील असे हसले की सुपारी घशात अडकली. "अहो व्याही, म्हातारपणी थापा मारायला लागलात? तुमी आणि भ्यालात? मी या डोळ्यांनी बघितलंय."

"खरं सांगतो, पाटील."

"ह्या. पोरींना काय पण सांगतात. बाय गो, तुझा आजा कधी भ्याला नाय. मला हात दिला होता त्यानं उतारावर." गोष्टीत हात देणारा एव्हाना बदलला होता. शेवंती दारातून म्हणाली, "तात्या, उगीच काय हो." मुलीही हसायला लागल्या.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही सांगा हो यांना."

मी म्हटलं, "खरं आहे. मला त्यांनी माथ्यावर सांगितलं होतं." मग तर ओटीवर हसण्याचा पूर आला. बाबाजींनी डोळे पुसले. "साक्षीदार बघा कुणी आणलाय."

तात्याही हसायला लागले. बराच वेळ हसले. मग हात वर करून त्यांनी खुंटीवरची मुशीची एक गुंडाळी काढली, जुनी, काळी पडलेली, आणि नातीचा अंगठा धरून तिच्यावरून फिरवला. डोक्याकडून शेपटीकडे. मग शेपटीकडून डोक्याकडे. पोरीनं अंगठा झटकन मागे घेतला आणि तोंडात घातला.

"पुढं गेलेलं मागं येत नाय. कळलं?" तात्या म्हणाले.

"नाही."

"चल मंग," असं म्हणून ते उठले, गुडघे धरत, मफलर गुंडाळत. ती गुंडाळी त्यांनी तिच्या हातात दिली, फळ्या स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. मी अंगणातून पाहत राहिलो. करड त्या वर्षी छान पिवळं झालं होतं. वळलेली दोन टोकं घोडपाठीच्या दिशेनं हलत हलत जात होती, संथ, एका चालीत, आणि पोर एकसारखी काही विचारत होती. तात्या बोलत नव्हते. चढ लागला होता.